कुंभाराचं पाऊल

"हे कधी रुतलं?" डॉक्टर मुल्ला मॅडमनी चिमट्यात धरलेली वस्तू माझ्या नाकासमोर आणली.

मी निरखून बघितलं. खापरीचा तुकडा होता, करंगळीच्या नखाएवढा. एक बाजू काळी, एक तांबडी. वळणावरून माठाच्या गळ्याचा वाटत होता, आणि माठ बहुतेक माझ्याच हातचा.

"कुटं घावला?" मी विचारलं.

"तुमच्या टाचेत."

"माझ्या?"

"मग काय माझ्या?"

मी पाय उलटा करून बघायला गेलो, पण वयामुळं मान तेवढी वळेना. शेजारच्या खुर्चीवर इंदू बसली होती. इंदू म्हणजे माझ्या वारलेल्या थोरल्या भावाची सून, आमच्याच अंगणात पलीकडच्या घरात राहायची. ती पुढं वाकली आणि तोंडावर पदर धरून म्हणाली, "अगं आई! तात्या, भोक पडलंय की!"

"दुखलं नाही?" मॅडमनी विचारलं.

"कुंभाराचा पाय हाय, मॅडम. चामडं झालंय त्येचं."

मी खरं तर गोळ्या संपल्या म्हणून तालुक्याला गेलो होतो. मला साखर होती. गोळ्या घ्यायचो, पण आठवण झाली तर. लंगडतोय असं इंदूच म्हणाली आणि मॅडमनी चप्पल काढायला लावली. लंगडतोय हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

मॅडम जखम धुवायला लागल्या. मला गप्प बसवेना. "ह्यो पाय साधासुधा न्हाई," मी म्हणालो. "आमच्या भैरोबाच्या जत्रंत चरातल्या इंगळावर पयलं पाऊल ह्येच पडतंय. कुंभाराचा मान हाय त्यो. बाभळीची, चिंचंची लाकडं जाळून इंगळ आमीच करायचं आन् पयलं पाऊल बी आमीच टाकायचं. मग पालखी, मग गाव."

मला वाटलं, शिकलेली बाई, आता नाक मुरडणार. त्या म्हणाल्या, "आमच्या आजोळी मोहरमला आलावा असतो. माझे आजोबा उतरायचे त्या विस्तवात. पाय पोळायचे त्यांचे. आजी तूप लावत बसायची आणि शिव्या देत बसायची."

"कायतरी चुकत आसंल त्यांचं. मला तर पाण्यावरनं चालल्यागत लागतंय. आदी चटका बसायचा जरा. गेली दोन-तीन सालं त्यो बी न्हाई. किरपा हाय देवाची."

मॅडमचा हात थांबला. "दोन-तीन वर्षं?"

"व्हय."

त्यांनी खणातून एक दांडी काढली. तिच्या टोकाला मासे धरायच्या गळाला असतो तसला दोरा होता. "डोळे मिटा. पायाला दोरा लागला की 'हो' म्हणायचं."

मी डोळे मिटून बसलो. बराच वेळ गेला. बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं. शेवटी कंटाळून मी म्हणालो, "कवा सुरू करताय मग?"

"तात्या," इंदू हळूच म्हणाली, "झालं की कवाच."

मी डोळे उघडले. मॅडम दोरा बोटाला गुंडाळत होत्या.

"साखरेनं पायाच्या शिरा मरतात. मरायच्या थांबवता येतात. थोडं कधी परत येतं, कधी येत नाही. पण या वर्षी विस्तवात उतरायचं नाही."

मी उठूनच उभा राहिलो. "मॅडम, मी न्हाई उतरलो तर मान लोहाराच्या घरात जातुया. पुतण्या पोपट, हिचा नवरा, पुण्याला कंपनीत, त्येला सुट्टी न्हाई. मला पोरगा न्हाई. मग आमच्या सात पिढ्यांनी काय गवऱ्या थापल्या?"

"बसा. पट्टी बांधू द्या." त्यांनी शांतपणे पट्टी बांधली. "जत्रा कधी?"

"चैतात."

"तोवर तीन महिन्यांची सरासरी साखर सातच्या खाली आणून दाखवा. मग बघू."

"बगू म्हंजी व्हय न्हवं?"

"बघू म्हणजे बघू. गोळी माझ्याकडं, भाकरी तुमच्याकडं. एकमेकांना सांगितल्याशिवाय कुणी काही बदलायचं नाही. पटतंय?"

'कधी परत येत नाही' हे त्यांचे शब्द मी ऐकले होते, पण घरी नेले नाहीत. 'परत येतं' एवढेच नेले.

मॅडमनी बोटातून थेंब काढून साखर दाखवणारं एक यंत्र वापरायला दिलं. आकडे मला येत होते, अक्षरं त्यानंतर कितीतरी उशिरा आली. त्या यंत्रानं मला नादच लावला. आवा पेटवला की कुंभाराला आत बघता येत नाही. आत मडकी भाजतात की फुटतात हे धुराच्या रंगावरून ओळखायचं. इतकी वर्षं मी मडक्यांच्या आव्याचा धूर बघत आलो होतो. आता माझ्या स्वतःच्या आव्याचा धूर बघायला मिळत होता.

पहिल्यांदा चहातली साखर बंद करून गूळ घातला. गूळ आपल्या शेतातला, साखर कारखान्याची; अंगाला तेवढा फरक कळत असणार असा माझा अंदाज. आकडा जिथल्या तिथं. मॅडमना फोन लावला तर त्या हसत सुटल्या. "तात्या, ऊस एकच आहे की!"

मग एकादशी आली. पोटाला आराम म्हणजे साखर उतरणार, असं म्हणून मी मुद्दाम थेंब काढला. साबुदाण्याची खिचडी आणि उकडलेलं रताळं, एवढंच खाल्लं होतं. आकडा भाकरीच्या दिवसापेक्षा कितीतरी वर. मला चक्रावल्यासारखं झालं. बायकोला, अनसाला, दाखवला.

"मग देवालाच इचारा," ती म्हणाली. "आन् सारखी बोटं टोचून घ्याया लागलायसा. रगात संपंल, आकडं ऱ्हातील."

पण मला राहवेना. एक दिवस दुपारी ज्वारीची भाकरी आणि हुलग्याची आमटी खाऊन चाकावर बसलो आणि मग थेंब काढला. दुसऱ्या दिवशी तेच, तेवढंच खाल्लं, पण चाकावर न बसता ओढ्यापर्यंत चालत जाऊन आलो. आकडा बराच खाली. मला वाटलं यंत्र बिघडलं. तिसऱ्या दिवशी परत ओढ्यावर गेलो. परत खाली. मी ओढ्याच्या काठावर एकटाच हसलो. चालताना साखर जाते तरी कुठं? मॅडम म्हणाल्या, पोटऱ्या खातात. त्या दिवसापासून मी माझ्या पोटऱ्यांकडे दावणीच्या बैलांकडे बघावं तसं बघायला लागलो. जेवण झालं की म्हणायचो, चला, यांना वैरण घालून आणू.

एकदा घोटाळा झाला. सकाळी गोळी घेतली आणि न्याहारीआधीच ओढा गाठला. परतताना बांधावर अंगाला कापरं भरलं, घाम फुटला, डोळ्यांपुढं काजवे आले. इंदू जळण आणत होती. तिनं ओळखलं, घराकडं पळत जाऊन साखरपाणी आणलं. ज्या साखरेला मी घराबाहेर काढलं होतं तिलाच बोलवावं लागलं.

"आता गोळीच बंद," मी फोनवर मॅडमना सांगितलं. "मी चालून भागवतो."

"तात्या, मी तुमच्या चुलीत हात घालते का?"

"न्हाई."

"मग तुम्ही माझ्या गोळीत घालू नका. उपाशीपोटी चालायचं नाही. आणि उद्या या, आकडे बघून गोळी मीच कमी करते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती अर्धी केली. लग्नात आहेर मिळावा तसा मी ती अर्धी गोळी घेऊन घरी आलो.

आणखी एक बदल झाला होता. मॅडमनी अनवाणी पाय टाकायला बंदी केली होती, अंगणातसुद्धा. रोज संध्याकाळी अनसा माझे तळवे उजेडात धरून बघायची आणि मुलगी बघायला आल्यासारखी शेरे मारायची. पण चप्पल घालून चिखल तुडवता येत नाही. माठाची माती पायानंच तुडवायची असते. बोटांना खडा लागला की वाकून उचलायचा, फेकायचा, पुन्हा तुडवायचं. खडा राहिला तर आव्यात मडकं तिथंच फुटतं. म्हणून हे काम इंदूकडं आलं.

यावर तिची सासू, म्हणजे आमची गजावहिनी, दारातून बोललीच. "तिचा पाय लावताय मातीत? बगा बाई, देवानं न्हाकारलेला पाय हाय त्यो."

हे सांगायला पाहिजे. आदल्या जत्रेत इंदू पहिल्यांदा चरातून चालली होती. लग्न होऊन नवीनच आलेली. माझ्या पाठोपाठ पालखी गेली, पालखीमागं गाव, गावात ती. दोन्ही तळव्यांना टरारून फोड आले. आमच्याकडं समजूत अशी, की मनात पाप असलं तरच इंगळ पोळतो. मग काय, पाप शोधायला सगळं गाव लागलं. लग्नाआधीचं काही असेल, विटाळशी असेल, नवस चोरला असेल. सगळ्यांत पुढं गजावहिनी. पोपट बायकोला पुण्याला नेणार होता तेही लांबलं. त्याची आई म्हणाली, आधी हिचं काय ते कळू दे. ती पोर वर्षभर खाली मान घालून वावरत होती. मीसुद्धा तिला काही विचारलं नव्हतं. माझे पाय कोरे होते. मला प्रश्नच पडला नव्हता.

एका सकाळी ती चिखलातून मला हाक मारत आली. "तात्या, ह्यो ढीग तुमी तुडवलाय म्हनालासा न्हवं?"

"तुडवलाय की. मॅडमकडं जायच्या आदीचाच हाय. झाकून ठिवलाय."

तिनं मूठ उघडली. मुठीत खडे होते. हरभऱ्याएवढे, वालाएवढे. "ह्ये त्यातलंच हाईत."

मी एकेक खडा बोटांत फिरवून बघितला. दोन हंगाम माझी मडकी आव्यात फुटत होती आणि मी नव्या खाणीच्या मातीला शिव्या देत होतो. इंदू माझ्या तोंडाकडं बघत होती. काहीतरी बोलणार असं वाटलं. बोलली नाही, परत चिखलात जाऊन उभी राहिली.

जत्रेच्या आधी आम्ही तालुक्याला गेलो. रक्त आधीच दिलं होतं. मॅडमनी कागद बघितला, माझ्याकडं बघितलं, परत कागद बघितला.

"किती?" मी विचारलं.

"सातच्या खाली. थोडीशीच, पण खाली."

इंदूनं टाळी वाजवली. मी मिशीवरून हात फिरवला. "मग ठरल्यापरमानं—"

"पाय इकडं करा. डोळे मिटा."

या वेळी मी जिवाचे कान केले. म्हणजे जिवाचे पाय केले. कुठंतरी काहीतरी लागल्यासारखं वाटलं. "हो!" मी म्हणालो.

"आत्ता मी दोरा लावलेला नव्हता, तात्या."

मी डोळे उघडले.

"साखर तुम्ही उतरवलीत," मॅडम म्हणाल्या. "माझ्याकडून गोळ्यांच्या पिशव्या नेणाऱ्यांना नाही जमत ते तुम्हाला जमलं. डोळे वाचतील, मूत्रपिंड वाचेल, पाय आहे तेवढा राहील. पण गेलेलं परत आलेलं नाही. मी 'बघू' म्हणाले होते. बघितलं. उतरू नका."

"ह्ये खरं न्हवं, मॅडम. ठरलं हुतं."

"ठरलं होतं. मीही तेव्हा साखरेचाच विचार केला, ती माझी चूक. पोळलं तर तुम्हाला कळणार नाही, आणि चिघळलं तर पाय जाईल."

"पोळत न्हाईच म्हनतोय ना मी! थोडा वेळ तर ठिवायचा आसतूय."

मॅडमनी खुर्ची पुढं ओढली. रागानं नाही, त्यांच्या तोंडावर खरंच कुतूहल होतं. "एक सांगा मला. पहिलं पाऊल कुंभाराचंच का? पाटलाचं का नाही? पुजाऱ्याचं का नाही?"

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मला बरं वाटलं. "आवो, विस्तव कुंभाराला कळतूय. पालखी दिस मावळायच्या आत चरातनं गेली पायजे, आसा रिवाज. उनात इंगळाचा रंग दिसत न्हाई, वरनं राख दिसती, आत किती धग हाय ते डोळ्याला कळत न्हाई. म्हनून कुंभारानं पाय ठिवायचा. तीनदा चांगभलं म्हनस्तवर उभं ऱ्हायाचं. सोसलं तर हात वर करायचा, मग गावानं यायचं. न्हाई सोसलं तर पाय काढायचा, इंगळ निवू द्यायचं. माझा बा तर येका साली दोनदा माघारी फिरला हुता. त्येचा पाय सांगंल तवाच गाव—"

तिथं माझं तोंड थांबलं.

तो दोरा मॅडमच्या बोटात तसाच होता. शेजारी काहीतरी हललं म्हणून मी बघितलं. इंदूनं आपली पावलं खुर्चीखाली ओढून घेतली होती.

"मागल्या साली..." मी म्हणालो.

"तात्या," इंदू उठली, "गाडी चुकंल."

वडापच्या जीपमध्ये आम्ही मागं बसलो होतो. गाव जवळ आलं तसं मी विचारलं, "तुला कळलं हुतं?"

"चिखलात खडं घावलं तवा."

"मग बोलली का न्हाईस?"

"कुनाला बोलू?" ती बाहेर बघत म्हणाली. "आत्या म्हनल्या आसत्या, सोताचं पाप तात्यांच्या पायावर घालतीया."

घरी अनसा भाकऱ्या थापत होती. तिला सगळं सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, निखाऱ्यावर उभी केली, आणि मग म्हणाली, "पायात न्हाई तर न्हाई. हातानं बगा की. हाताला कळतंय न्हवं?"

"हातानं धग कळतीया. पाऊल सोसंल का त्ये हातानं कळत न्हाई. आन् रिवाज पावलाचा हाय."

"मग लोहाराला देऊन टाका."

"देऊ?"

"मी कशी सांगू? सासऱ्यांनी मरताना तुमचा हात धरून सांगितलं हुतं, विस्तव सोडू नगं." तिनं पुढची भाकरी थापायला घेतली आणि थापता थापताच म्हणाली, "पर विस्तव सोडू नगं म्हनालं. पाऊल सोडू नगं म्हनलं न्हाईत."

जत्रेच्या दिवशी पहाटेपासून मी चरापाशी होतो, चप्पल घालून. लोक बघत होते; चरापाशी वहाण घातलेला कुंभार त्यांनी कधी बघितला नव्हता. लाकडं जळाली, बसली. दुपार कलल्यावर मी लांब दांड्याच्या फावड्यानं इंगळ सारखे केले. सुपानं राख उडवली. ढोल जवळ आले. गुलालात न्हालेली पालखी चराच्या तोंडाशी येऊन थांबली. सर्जेराव पाटील पुढं, हातात देवाची काठी. ऊन अजून चरावर तिरपं पडत होतं आणि इंगळ राखाडी, निरुपद्रवी दिसत होते.

"सोपाना, पाऊल टाक," पाटील म्हणाले.

मी फावडं जमिनीत रोवलं. "इंदू," मी हाक मारली. "पुढं ये."

ती बायकांच्या घोळक्यात होती. तिला आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती जत्रेलाच आली नसती. ती आली, डोक्यावरचा पदर घट्ट धरून.

"पाऊल ही टाकंल," मी म्हणालो. "आमच्याच घरातली हाय. मान कुंभाराच्याच घरात ऱ्हातुया."

ढोल थांबले. विष्णू लोहार पुढं आला. तो वाटच बघत होता. "आरं कुंभारा, डोस्कं फिरलं का तुजं? येक तर बाईमाणूस. त्यात गेल्या साली पोळल्याली. तिच्या पावलानं देव चालायचा व्हय?"

"पोळली म्हनूनच."

"म्हंजी?"

"विष्णू, गेल्या साली मी ह्याच चरातनं गेलो. ही बी गेली. इंगळ एकच. हिचं पाय पोळलं, माझं न्हाई. आता तूच सांग, विस्तव कसा हुता ते कुनाच्या पायाला कळलं?"

मी खाली बसलो, चप्पल काढली आणि तळवा त्याच्याकडं केला. "टोच काय बी. काटा टोच. ह्यो पाय मेलाय. डॉक्टरनं बगितलाय. मी तीनदा चांगभलं म्हनालो आन् हात वर केला, आन् तुमाला सांगितलं, या. ह्या पायाला ठाव हुतं व्हय, इंगळ निवलं का न्हाई ते?"

पाटलांकडं मी बघितलं तर ते एक पाय दुसऱ्या पायावर घासत उभे होते. मग पालखीच्या मागच्या दांडीवरून एक भोई, बघा, खांद्यावर देव आणि मान खाली, पुटपुटला, "मला बी पोळलं हुतं."

"तुला?" त्याच्या पुढचा म्हणाला. "मग बोलला न्हाईस ते?"

"तू बोललास?"

कुणीतरी हसलं. कुणी हसणाऱ्याला गप्प केलं. बायकांतून एक म्हातारी म्हणाली, मी आठ दिवस कोरफड लावत हुती, सुनंला म्हनलं कुरूप झालंय. पाटलांनी खाकरून घशातला कफ काढला. "दिस मावळतीला चाललाय," ते म्हणाले. "पोरी, टाक पाऊल."

इंदू चराच्या काठाशी आली. तिनं डोळे मिटले, उजवं पाऊल टाकलं. पहिलं चांगभलं पुरतं झालं नाही तोच तिनं पाय मागं घेतला.

"न्हाई," ती म्हणाली. "आजून न्हाई, तात्या."

मी पुन्हा इंगळ पसरले. लोकांनी वाट बघितली. एवढं सगळं गाव, पाटील, पालखीतला देव, सगळे एका पोरीच्या तळव्यासाठी थांबले होते. ती पुन्हा गेली. पुन्हा मागं आली. "आजून न्हाई."

"दिस मावळंल," विष्णू म्हणाला.

"मावळू दे," पाटील म्हणाले.

दिवस मावळला. रिवाज मोडला, आणि ऊन चरावरून उतरल्याबरोबर मला इंगळाचा रंग दिसला. वर राख, आणि फटीफटीतून आत लालभडक. आव्यात हा रंग असला तर मी पहाटेपर्यंत हात लावत नाही. गेली दोन-तीन वर्षं मी याच रंगावर गावाला बोलावत होतो. त्या पोरीचं पाऊल दोन्ही वेळा बरोबर होतं.

आम्ही थांबलो. लाल रंग आत आत गेला, मग विटेसारखा झाला, मग मळकट. इंदू तिसऱ्यांदा पुढं आली. पाऊल ठेवलं. चांगभलं. तिचा जबडा आवळला होता. चांगभलं. तिनं दुसरंही पाऊल ठेवलं. तिसऱ्या चांगभल्याला तिनं हात वर केला, आणि चालत गेली. पळाली नाही. आमच्या घरातली माणसं चालतात तशी, सावकाश. पलीकडं पोचल्यावर तिनं एक-एक तळवा वर करून बघितला आणि मग गावाकडं तोंड करून उभी राहिली.

"या," ती म्हणाली.

कुणीच हललं नाही. सगळे माझ्याकडं बघायला लागले, सवयीनं. मी तिच्याकडं बोट केलं. पाटलांनी पालखीला हात लावला, आणि पालखी चरात उतरली. मागून पुरुष गेले. मग बायकांची पाळी आली. सगळ्यांत पुढं गजावहिनी होती, नेहमीसारखी. पण चराच्या काठावर येऊन ती थबकली. लुगड्याचा काठ वर धरला, पाऊल उचललं, परत खाली ठेवलं. मागच्या बायका ढकलायला लागल्या.

मी काठावर अगदी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं. तिनं पलीकडं उभ्या असलेल्या सुनेला, देवळात देवाला विचारावं तशा बारीक आवाजात विचारलं, "इंदू, गेल्या सालावानी न्हाई न्हवं गं पोळत?"

इंदूनं सासूकडं बघितलं. मग ती काठाला आली आणि तिनं हात पुढं केला.

"न्हाई, आत्या. या."